दोन घरचा पाहुणा: डिग्री अप्रेंटिसशिप करताना अपंगत्वासाठी आणि शिकण्यातल्या अडचणींसाठी मदत कशी मिळवायची

माझा भाचा इंग्लंडमध्ये सॉफ्टवेअरची डिग्री अप्रेंटिसशिप करतो. आठवड्याचे चार दिवस कंपनीत, एक दिवस विद्यापीठात. फी कंपनी आणि सरकार मिळून भरतात, महिन्याला पगार येतो आणि शेवटी पदवी मिळते. घरात सगळे खूश होतो. त्याला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचन-लेखन जड जातं, हे शाळेपासून माहीत होतं, पण 'विद्यापीठात मदत मिळतेच की' असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. मदत मिळते हे खरं. पण इतर विद्यार्थी ज्या दाराने आत जातात ते दार अप्रेंटिससाठी नसतं, आणि आपलं दार कुठलं हे कळेपर्यंत त्याची अर्धी टर्म निघून गेली.

आपल्याकडे म्हणतात ना, दोन घरचा पाहुणा उपाशी. अप्रेंटिसचं नेमकं तेच होतं. कंपनीला वाटतं, हा विद्यार्थी आहे, विद्यापीठ बघेल. विद्यापीठाला वाटतं, हा नोकरदार आहे, कंपनी बघेल. कायद्याने मात्र जबाबदारी दोघांवरही आहे. म्हणून दोन्हीकडे, वेगवेगळं आणि लेखी मागायचं. ते कसं, ते पुढे लिहिते. हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये अप्रेंटिसशिपची व्यवस्था वेगळी आहे.

आधी हे करू नका: डीएसएचा अर्ज

विद्यापीठातल्या कुणालाही विचारलं तर पहिलं नाव निघतं ते डिसेबल्ड स्टुडंट्स अलाउन्सचं, म्हणजे डीएसएचं. पदवीच्या नेहमीच्या विद्यार्थ्यांसाठी ती फार चांगली सोय आहे. लॅपटॉपवरची सॉफ्टवेअर, एकास एक शिकवणारा ट्यूटर, प्रवासाचा जादा खर्च, बरंच काही त्यातून मिळतं. पण डिग्री अप्रेंटिसला डीएसए मिळत नाही. तुम्ही स्टुडंट फायनान्सच्या, म्हणजे सरकारी विद्यार्थी कर्जाच्या चौकटीतच नसता, कारण तुमची फी कर्जातून जात नाही.

भाच्याला हेल्प डेस्कवरच्या बाईंनी अगदी आपुलकीने डीएसएचा फॉर्म दिला. त्याने तो भरला, डिस्लेक्सियाचा रिपोर्ट जोडला आणि वाट बघत बसला. सहा आठवड्यांनी नकाराचं पत्र आलं. तोवर पहिली असाइनमेंट देऊन झाली होती, कुठलीही मदत न घेता. बाईंचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्यासमोर रोज येणाऱ्या शंभर मुलांत अप्रेंटिस एखादाच असतो. म्हणून बोलताना पहिल्याच वाक्यात सांगा की मी अप्रेंटिस आहे. ईमेलच्या विषयातही तो शब्द घाला.

आपण यात बसतो का?

२०१० चा इक्वॅलिटी ॲक्ट बघा. शारीरिक किंवा मानसिक अडचण आहे, तिचा रोजच्या व्यवहारांवर बऱ्यापैकी परिणाम होतो आणि ती १२ महिने टिकली आहे किंवा टिकेल असं दिसतं, तर कायद्याच्या भाषेत ती डिसॅबिलिटी. डोळे, कान, हालचाल हे तर आलंच. पण डिस्लेक्सिया, डिस्प्रॅक्सिया, एडीएचडी, ऑटिझम, मधुमेह, अपस्मार, दीर्घकाळचं नैराश्य, सतत उठणारी मायग्रेन हेही यात येऊ शकतं. कॅन्सर, एचआयव्ही आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस यांना तर निदान झालेल्या दिवसापासून संरक्षण आहे.

आपल्या घरांमध्ये इथेच गाडी अडते. 'अपंग' हा शब्द ऐकला की आईवडील दचकतात. "आमचा मुलगा हुशार आहे हो, जरा वाचायला वेळ लागतो इतकंच." मला हे फार कळकळीने सांगायचं आहे की ते दोन्ही एकाच वेळी खरं असतं. तो हुशार आहे आणि त्याला वाचायला वेळ लागतो. फॉर्मवरच्या चौकटीत खूण केल्याने हुशारी कमी होत नाही, जादा वेळ मात्र मिळतो.

निदानाचा कागद हातात नसला तरी थांबू नका. कायदा अडचणीचा परिणाम बघतो, प्रमाणपत्र नसेल तर हक्क नाही असं तो म्हणत नाही. अर्थात कागद असला की काम लवकर होतं हेही तितकंच खरं.

कागद जमवणं

शाळेत असताना परीक्षेला जादा वेळ मिळत होता का? मग शाळेकडे त्याची नोंद असते, ती मागून घ्या. एज्युकेशन, हेल्थ अँड केअर प्लॅन (खास गरजा असलेल्या मुलांच्या मदतीचा सरकारी आराखडा) झाला असेल तर तो. डिस्लेक्सियाचा जुना रिपोर्ट असेल तर तो. आजारासाठी जीपीचं, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांचं पत्र, आणि त्या पत्रात नुसतं आजाराचं नाव असून भागत नाही. 'यामुळे सलग दोन तास बसणं जमत नाही', 'औषधामुळे सकाळी अकरापर्यंत गुंगी असते' अशी परिणाम सांगणारी वाक्यं डॉक्टरांना लिहायला सांगा. पत्र वाचणाऱ्याला त्याच वाक्यांवरून ठरवायचं असतं.

रिपोर्टच नसेल तर आधी विद्यापीठात विचारा. बऱ्याच ठिकाणी प्राथमिक चाचणी फुकट होते आणि पूर्ण तपासणीच्या खर्चातही कधी कधी मदत असते. बाहेर खासगी तपासणीला काही शे पौंड पडतात, तेव्हा विचारल्याशिवाय स्वतःच्या खिशातून भरू नका. एडीएचडी किंवा ऑटिझमसाठी एनएचएसची, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेची रांग फार लांब आहे, म्हणून रांगेत नाव आजच लावा आणि बाकीच्या पायऱ्या त्यासाठी अडवून ठेवू नका. रांगेत असल्याचं जीपीचं पत्रही बरोबर ठेवलं तर उपयोगी पडतं.

विद्यापीठाचं दार

प्रवेश घेताना एक फॉर्म भरतात, त्यात शिकण्यातल्या अडचणीबद्दल आणि अपंगत्वाबद्दल प्रश्न असतो. तिथे 'हो' म्हणा. त्या एका खुणेवर पुढचं बरंच अवलंबून आहे, कारण अप्रेंटिससाठी सरकारचा वेगळा निधी आहे आणि तो मागण्यासाठी विद्यापीठाला तुमची अडचण नोंदवलेली लागते.

या निधीला लर्निंग सपोर्ट फंडिंग म्हणतात. अडचणीमुळे प्रशिक्षणावर थेट परिणाम होत असेल, तर ज्या ज्या महिन्यात विद्यापीठ तुम्हाला प्रत्यक्ष मदत देतं त्या प्रत्येक महिन्यासाठी त्याला १५० पौंड मिळतात. प्रत्यक्ष खर्च त्याहून जास्त होत असेल तर वरचा खर्च मागायचीही सोय आहे. पैसे तुमच्या खात्यात येत नाहीत, विद्यापीठाकडे जातात. पण ते कशासाठी दिले जातात हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे, कारण या निधीचं नाव विद्यार्थ्याला आपणहून कुणी सांगत नाही. विद्यापीठाने तुमच्या गरजेचं मूल्यमापन करायचं, मदतीचा आराखडा करायचा, ती मदत खरोखर द्यायची आणि वेळोवेळी तपासून नोंद ठेवायची. नुसतं 'गरज पडली तर ये' म्हणणं म्हणजे मदत नव्हे.

डिसॅबिलिटी विभागाला ईमेल करायचा तो इंग्रजीतच, पण आशय साधारण असा ठेवा:

"मी अमुक अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाचा डिग्री अप्रेंटिस आहे. मला डिस्लेक्सिया आहे, रिपोर्ट सोबत जोडला आहे. अप्रेंटिस असल्यामुळे मला डीएसए लागू नाही. लर्निंग सपोर्ट फंडिंगसाठी माझ्या गरजेचं मूल्यमापन करावं आणि सपोर्ट प्लॅन तयार करावा ही विनंती. मला अडचण येते ती अशी: लांब मजकूर वाचायला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो, ऐकताना त्याच वेळी टिपणं काढता येत नाहीत. माझा विद्यापीठाचा दिवस गुरुवार आहे. बाकीचे दिवस मी कामावर असतो, त्यामुळे भेट गुरुवारी किंवा संध्याकाळी ऑनलाइन ठेवावी."

यातलं शेवटचं वाक्य गाळू नका. एकास एक शिकवणीची वेळ मंगळवारी सकाळी अकराला दिली तर अप्रेंटिसला तिचा काय उपयोग? भाच्याच्या पहिल्या तीन भेटी अशाच फुकट गेल्या, आणि वर 'विद्यार्थी हजर राहत नाही' असा शेरा पडला. तो शेरा नंतर खोडून घ्यावा लागला.

प्लॅनमध्ये काय मागता येतं? परीक्षेला जादा वेळ, बहुतेकदा २५ टक्के. वेगळी खोली, मधे विश्रांती, हाताने लिहिण्याऐवजी कॉम्प्युटर, प्रश्न वाचून दाखवणारा किंवा उत्तर लिहून घेणारा माणूस. व्याख्यानाचं रेकॉर्डिंग, स्लाइड्स आधी मिळणं, टिपणं काढून देणारा. दर आठवड्याला अभ्यासाची पद्धत शिकवणारा ट्यूटर किंवा मानसिक आजारासाठी मेंटॉर. ऐकू न येणाऱ्यासाठी ब्रिटिश साइन लँग्वेजचा दुभाषा. यादीत बघून सगळंच मागू नका. गेल्या वर्षी कुठे अडलो ते आठवा आणि तेवढंच नीट मागा. परीक्षेच्या सवलतींना शेवटची तारीख असते, ती परीक्षेच्या बरीच आधी असते आणि एकदा गेली की त्या सत्रापुरती सवलत हातची जाते. तारीख पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

कंपनीचं दार

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या हमखास एकत्र करतात.

पहिली, रीझनेबल ॲडजस्टमेंट्स. कंपनीने कायद्याने करायचे असे वाजवी बदल. यांचा खर्च कर्मचाऱ्याकडून घेता येत नाही, आणि पुष्कळदा खर्च येतच नाही. भाच्याच्या टीमची रोज सकाळी उभ्या उभ्या मीटिंग असायची. मॅनेजर भराभर तीन-चार कामं सांगायचा, आणि हा दोन शब्द तळहातावर बॉलपेनने लिहून घ्यायचा. दुपारपर्यंत घामाने शाई पसरलेली. एकदा त्याने घरी येऊन हात दाखवला, 'मायग्रेशन' मधलं फक्त 'मा' उरलं होतं. त्या आठवड्यात चुकीचं काम करून बसला म्हणून बोलणी खाल्ली होती. शेवटी त्याने एकच गोष्ट मागितली: मीटिंगनंतर माझी कामं दोन ओळींत मेसेज करा. मॅनेजरला त्याला मिनिटही लागत नाही. तेव्हापासून तळहात कोरा आहे.

असेच बदल म्हणजे शांत कोपऱ्यातलं टेबल, आवाज अडवणारे हेडफोन, कामाची वेळ पुढेमागे, घरून काम, दवाखान्याच्या भेटीसाठी सुट्टी, मोठा स्क्रीन. वर्डमध्ये मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची आणि बोललेलं टाइप करण्याची सोय आधीपासूनच असते, ती वापरायला परवानगी असली की झालं. मागणी लाइन मॅनेजरकडे तोंडी करा, आणि त्याच दिवशी 'आपलं असं बोलणं झालं' असा ईमेल एचआरला प्रतसह पाठवा. मॅनेजर बदलतात, तोंडी कबुली त्यांच्याबरोबर जाते.

दुसरी गोष्ट म्हणजे ॲक्सेस टू वर्क. हे सरकारी अनुदान आहे, डिपार्टमेंट फॉर वर्क अँड पेन्शन्सचं. उत्पन्न बघत नाहीत आणि परत फेडावं लागत नाही. कंपनीच्या वाजवी बदलांपलीकडे जे लागतं त्यासाठी ते आहे: खास उपकरणं आणि सॉफ्टवेअर, ते शिकवणारा प्रशिक्षक, मदतनीस, दुभाषा, बस किंवा ट्रेन जमत नसेल तर टॅक्सीचा खर्च, मानसिक आरोग्यासाठी आधार. अप्रेंटिस पगारदार असतो म्हणून तो यात बसतो. अर्ज कंपनीने करायचा नसतो, तुम्ही स्वतः करायचा, सरकारच्या संकेतस्थळावर किंवा फोनवर.

वेळेचं गणित इथे फार महत्त्वाचं आहे. नोकरी लागून ६ आठवडे व्हायच्या आत अर्ज केला तर कंपनीला खर्चात वाटा द्यावा लागत नाही. नंतर केला तर ५० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपनीला उपकरणांसारख्या खर्चातला काही भाग उचलावा लागू शकतो. 'तुमचा खर्च वाचेल' असं म्हटलं की एचआरही घाईने सहकार्य करतं, हा माझा अनुभव. दुसरं, या योजनेत सध्या महिनोन् महिने वाट बघावी लागते. पण नोकरी ४ आठवड्यांत सुरू होणार असेल तर अर्जाला प्राधान्य देतात. म्हणजे ऑफर लेटर हातात आलं आणि सुरुवातीची तारीख ठरली की अर्ज त्याच आठवड्यात टाकायचा. तिसरं, मंजुरीचं पत्र येईपर्यंत काहीही विकत घेऊ नका. आधी घेतलेल्या वस्तूचे पैसे मिळत नाहीत.

मुलाखतीच्या आधी सांगावं का?

मुलाखतीत काही बदल हवा असेल, उदाहरणार्थ प्रश्न लेखी हवेत, लेखी चाचणीला जादा वेळ हवा, तर तेवढं आधी सांगा. बाकी ऑफर मिळण्याआधी तुमच्या आजाराबद्दल किंवा अपंगत्वाबद्दल कंपनीने विचारणं सहसा बेकायदा आहे. थोडे अपवाद आहेत, मुलाखतीत बदल लागतील का हे विचारणं त्यातलाच एक.

ऑफर मिळाल्यावर मात्र मी सांगण्याच्याच बाजूने आहे. कंपनीला माहीतच नसेल तर 'त्यांनी बदल केला नाही' असं नंतर म्हणता येत नाही. पण सगळं उघडं करायची गरज नाही. निदानाचं नाव नको वाटत असेल तर परिणाम सांगा: 'मला तोंडी सूचना लक्षात राहत नाहीत, लेखी लागतात.' विद्यापीठ तुमची वैद्यकीय माहिती तुमच्या संमतीशिवाय कंपनीला देत नाही. तरी अप्रेंटिसशिपमध्ये दोघांचं बोलणं सतत चालू असतं, म्हणून संमतीच्या फॉर्मवर 'कंपनीला काय कळवायचं' हे वाचून, ठरवून सही करा.

तिघांची बैठक

तुम्ही, मॅनेजर आणि विद्यापीठाचा कोच यांची साधारण दर १२ आठवड्यांनी प्रगतीची बैठक होते. दोन्ही घरं एकाच टेबलाशी येतात ती बहुधा हीच एक वेळ. बहुतेक मुलं इथे 'सगळं छान चाललंय' म्हणतात आणि सुटका करून घेतात. तसं करू नका. मदत मिळतेय का, पुरते का, अभ्यासासाठी ठरलेले तास कामात जातायत का, हे बोला आणि नोंदीत लिहून घ्या. सही करण्याआधी नोंद वाचा. वाचायला वेळ लागतो म्हणून न वाचता सही करणं, ही डिस्लेक्सिया असलेल्या मुलांची जुनी सवय मी जवळून बघितली आहे. फाइल घरी मागवा, मोठ्याने वाचून घ्या, दुसऱ्या दिवशी सही करा. कुणी रागावत नाही.

तब्येत फारच बिघडली तर अप्रेंटिसशिप सोडण्याची गरज नाही. ब्रेक इन लर्निंग घेता येतो, प्रशिक्षण थांबतं आणि शेवटची तारीख पुढे जाते. कामाचे तास कमी करून कालावधी वाढवणंही शक्य असतं. दोन्हीला कंपनीची संमती लागते आणि पगाराचं काय ते आधी लेखी विचारून घ्यावं लागतं.

पीआयपी म्हणजे पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट हा अपंगत्वासाठीचा सरकारी भत्ता नोकरी करतानाही मिळू शकतो. पण तुमच्या व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी भत्ते घ्यायचे नाहीत) ही अट असेल तर त्याला हात लावू नका, तो पब्लिक फंड आहे.

नकार आला तर

आधी लेखी कारण मागा. 'धोरणात बसत नाही' हे कारण झालं नाही, तुमच्या बाबतीत हा बदल वाजवी का नाही हे त्यांनी सांगायला हवं. विद्यापीठाविरुद्ध तक्रार आधी त्यांच्याच पद्धतीने करायची. ती संपली की कम्प्लीशन ऑफ प्रोसीजर्सचं पत्र मिळतं, आणि त्यानंतर १२ महिन्यांच्या आत ऑफिस ऑफ द इंडिपेन्डन्ट ॲड्ज्युडिकेटरकडे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तक्रारी बघणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे जाता येतं, फुकट. विद्यार्थी संघटनेचा सल्ला विभाग कागद लिहायला मदत करतो, आणि तुम्ही अप्रेंटिस असलात तरी विद्यार्थी आहातच.

कंपनीच्या बाबतीत मॅनेजर, मग एचआर, मग रीतसर ग्रीव्हन्स, म्हणजे लेखी तक्रार. सोबतच अकासच्या, म्हणजे नोकरीतल्या तंट्यांवर सल्ला देणाऱ्या संस्थेच्या फुकट हेल्पलाइनला फोन करा. ट्रिब्युनलकडे, म्हणजे नोकरीच्या तंट्यांच्या न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुदत थोड्याच महिन्यांची असते, आणि ग्रीव्हन्स चालू आहे म्हणून ती थांबत नाही. भली माणसं 'आतल्या आत मिटेल' म्हणून थांबतात आणि मुदत निघून जाते. फोन केला म्हणजे भांडण सुरू झालं असं नव्हे.

शेवटची परीक्षा

अप्रेंटिसशिपच्या शेवटी एन्ड-पॉइंट असेसमेंट असते: प्रकल्प, सादरीकरण, तोंडी चर्चा. त्याआधीच्या टप्प्याला गेटवे म्हणतात. काही अभ्यासक्रमांत ही परीक्षा विद्यापीठच घेतं, काहींत बाहेरची संस्था घेते. बाहेरची असेल तर तीन वर्षं चाललेला तुमचा सपोर्ट प्लॅन तिथे आपोआप पोहोचत नाही. गेटवेच्या वेळी, पुराव्यासकट, नव्याने मागावं लागतं. आणि तोंडी परीक्षेलाही सवलत असते, हे कित्येकांना माहीत नसतं. प्रश्न लेखी समोर ठेवता येतात, उत्तराआधी विचाराला वेळ मागता येतो, मधे थांबता येतं.

भाच्याचा गेटवे पुढच्या वसंतात आहे. कोचला त्याने आत्ताच विचारून ठेवलंय की परीक्षा कोण घेणार, फॉर्म कुठला आणि कधीपर्यंत. उत्तर दोन दिवसांत आलं. रिपोर्ट, सपोर्ट प्लॅन आणि मॅनेजरचा तो दोन ओळींच्या मेसेजचा ईमेल त्याने एकाच फोल्डरमध्ये ठेवलेत. फोल्डरचं नाव त्याने मराठीत दिलंय, 'दोन्ही घरं'.